बाबांची लेझीम, आईची फुगडी आणि सतरा सेन्सर

कोथरूड, पुणे
रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "माणसाची हालचाल यंत्रच टिपतं, मग त्यात शिकायचं काय?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहिते आहे. दिवाळीत तुम्ही आलात की तुमची लेझीम आणि आईची फुगडी टिपायची आहे. त्याची तयारीही यातच सांगून टाकते.

या कामाला मोशन कॅप्चर म्हणतात: माणसाची हालचाल नोंदवायची आणि तिच्यावर संगणकातलं पात्र हलवायचं. यंत्र टिपतं ते सांध्यांचं वळणं. कुठला सांधा कुठल्या क्षणी किती अंश फिरला, एवढंच. त्या नोंदीत चुका असतात आणि माणसाची ढबही असते. कुठली खोड यंत्राची आणि कुठली लकब माणसाची, हे ओळखायला शिकणं हाच या कामातला मोठा भाग.

मोठ्या स्टुडिओत चहूबाजूंनी इन्फ्रारेड कॅमेरे असतात आणि अंगातल्या घट्ट पोशाखावर चमकणारे छोटे गोळे, म्हणजे मार्कर. एक मार्कर निदान दोन कॅमेऱ्यांना दिसला तरच त्याची जागा काढता येते. हात पोटाशी घेतला की काही मार्कर झाकले जातात आणि नोंदीत तेवढा खंड पडतो. दोन मार्कर अगदी जवळ आले तर सॉफ्टवेअर त्यांची नावं आपसात बदलतं आणि कोपर एकदम भलतीकडे उडतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने अशा नोंदींचा मोठा साठा सगळ्यांना फुकट खुला ठेवला आहे. त्यांचे मार्कर ४१, कॅमेरे १२ आणि सेकंदाला १२० नोंदी. नव्याने शिकणाऱ्याने आधी त्यावर हात बसवावा. साध्या व्हिडिओवरूनही हालचाल काढता येते, पण आड गेलेला हात तिथे अंदाजाने बसवला जातो.

आपण सेन्सरचा सूट वापरणार आहोत. डोकं, छाती, कंबर यांना एकेक, आणि दोन्ही बाजूंना खांदा, दंड, मनगटाच्या वर, पंजा, मांडी, नडगी, पाऊल असे मिळून १७ सेन्सर. फिरण्याचा वेग, वेगातला बदल आणि होकायंत्रासारखी दिशा, या तिन्ही गोष्टी प्रत्येक सेन्सर मोजतो. पंचाईत होते ती होकायंत्राची. स्लॅबमधल्या सळ्या, लोखंडी कपाट, पलंगाची चौकट, जवळ लोखंड असलं की दिशा चुकते, आणि पावलांचे सेन्सर जमिनीलगत असल्यामुळे सगळ्यात आधी तेच बिघडतात. मग संगणकातलं पात्र सरळ चालता चालता एका अंगाला वळायला लागतं. म्हणून हॉलमध्ये नको, सकाळी लवकर तळजाई टेकडीला मोकळ्या मातीवर जाऊ.

आधी मापं घ्यावी लागतील: उंची, चपलेसकट पाऊल, जमिनीपासून गुडघा, जमिनीपासून खुबा आणि हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. खुब्याचं माप चुकलं तर पात्राचे गुडघे कायम वाकलेले दिसतात, नाहीतर पावलं जमिनीत रुततात. मग हात खाली सोडून ताठ उभं राहायचं, थोडं चालायचं, परत जागेवर. प्रत्येक टेक, म्हणजे एका दमात घेतलेली नोंद, अशाच उभ्या स्थितीत सुरू आणि बंद करायचा. सुरुवातीला एक टाळी, म्हणजे बाजूला चाललेला व्हिडिओ नोंदीशी जुळवता येतो. हा व्हिडिओ हवाच. शंका आली की खरं काय घडलं ते त्यातच कळतं.

बाबा, लेझीम नेहमीची आणू नका. तिची लोखंडी साखळी मनगटाच्या सेन्सरला फसवेल. (स्टुडिओतही अडचणच, तिथे चकत्या चमकून खोटे मार्कर दिसतात.) साखळीच्या जागी सुतळी लावू. पण नुसती सुतळी नको, मधोमध वाळूची पुरचुंडी बांधून वजन लेझमीइतकंच करायचं. रिकामा हात आणि भार पेलणारा हात वेगळे थांबतात. लेझीम उघडताना साखळी ताणली जाते, त्या क्षणी मनगटाला जो हिसका बसतो, तो सेकंदाला १२० नोंदींच्या हिशेबात जेमतेम चार-पाच नोंदींचा असतो. नोंदीतली थरथर घालवायला हालचालीच्या आलेखावर गाळणी (फिल्टर) लावतात. चालण्यासाठी ६ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला सहा वेळांहून जलद हलणारं पुसणारी, गाळणी चालते, पण लेझमीवर तीच लावली तर हिसका पार पुसला जातो आणि हात पाण्यात हलवल्यासारखे दिसतात. म्हणून पाठकण्याला जास्त गाळायचं, मनगटाला अगदी थोडं.

आई, तुझी फुगडी याहून अवघड आहे. फुगडीत दोघी मागे झुकून एकमेकींचा भार पेलतात, त्यामुळे एकटीची नोंद घेऊन जोडणी होत नाही. मावशीला घेऊनच ये, दोन सूट लागतील. दोन सूटांना एकमेकींमधलं अंतर नीट कळत नाही, गिरक्या वाढल्या की नोंदीत हात सुटतात. मग तुझे हात प्रमाण धरून मावशीचे तळवे त्यांना जखडायचे आणि तिची कोपरं त्या मानाने वाकू द्यायची. पावलं घसरतात ती वेगळीच. नेहमीच्या चालीत पाऊल टेकलं की ते पुरतं खिळवतात. फुगडीत तसं केलं तर घोटा पिळवटतो. चवड्याची जागा तेवढी धरायची आणि फिरणं मोकळं ठेवायचं. नऊवारीवर पट्टे सरकतात, तेव्हा घट्ट लेगिंग आणि कुडता घाल. काचेच्या बांगड्या हातात राहू देत.

नंतरचं काम संगणकावरचं. पात्राची उंची-जाडी तुमच्यासारखी नसणार, कमरेवरचा हात त्याच्या पोटात घुसेल, तो बाहेर काढायचा. चित्रपटासाठी सेकंदाला २४ चौकटी हव्या असतील तर १२० मधली दर पाचवी नोंद घेतली की झालं. २५ हव्या असतील तर मुळातच सेकंदाला १०० नोंदी घ्याव्यात, नाहीतर भागाकार बसत नाही. बाबा, या नोंदी ज्यात साठवतात ती बीव्हीएच नावाची फाइल तुम्हाला साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवीन. वर हाडांची वंशावळ, खाली नुसते आकडे आणि मध्ये दोन नोंदींमधला वेळ, ०.००८३३३ सेकंद.

तुमचा डावा पाय गुडघ्यामुळे किंचित उशिरा पडतो. सॉफ्टवेअरची एक कळ दाबून दोन्ही पावलं सारखी करता येतात. ती मी दाबणार नाही. यंत्राची चूक एखाद्या नोंदीत उसळते किंवा हळूहळू एकाच दिशेला वाहत जाते. तुमचं उशिरा पडणारं पाऊल दर ठेक्याला तितकंच उशिरा पडतं, आणि त्याआधी उजवा खांदा थोडा खाली येतो. ते तुमचं चालणं आहे, तसंच राहील.

तीस-तीस सेकंदांचे तीनच टेक घेऊ, मध्ये बसायला सतरंजी आणते. लेझमीचे खाली बसून करायचे हात, म्हणजे प्रकार, वगळा. गुडघ्याची पट्टी जरूर बांधा, पण कापडी, धातूच्या सळ्यांची नको.

तुमची,
मनू