पोस्टर भिंतीवर, पावडर वाटीत: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

आज माझं बाळ बारा दिवसांचं झालं. सरकारी दवाखान्यात सिझर झालं आणि त्याच्या पोटात पहिला घोट गेला तो पावडरचा. बाळ लांबून दाखवलं आणि नेलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कुशीत दिलं. तोवर माझ्या आईच्या हातात डब्याची चिठ्ठी दिली होती. "तिला दूध उतरायला तीन दिवस लागतील, बाळ उपाशी ठेवणार का?" असं विचारल्यावर कुठली आजी नाही म्हणेल?

मग वाटी-चमच्याची सवय लागलेलं बाळ अंगावर पिईचना. टाके ओढत होते, कुशीवर वळता येत नव्हतं, कसं पाजायचं ते कुणी दाखवलं नाही. तिसऱ्या रात्री दूध उतरलं तर छातीत दगडासारख्या गाठी, अंगात ताप, मी रडतेय, बाळ रडतंय आणि समोर भिंतीवर तुमचं पोस्टर, पहिल्या तासात स्तनपान! शेवटी शेजारच्या खाटेवरची बाई उठून आली, तिसरं बाळंतपण तिचं. बाळानं मोठा आ करेपर्यंत थांबली, मग नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरलं, हनुवटी छातीला टेकवली. पाच मिनिटांत घुटके ऐकू आले. पाच मिनिटं साहेब!

पहिल्या दिवशी एका वेळी चीक चमचाभरच येतो आणि बाळाला तेवढा पुरतो, हे मला आता वाचून कळलं. तिथे कुणी का सांगितलं नाही?

पावडरच्या डब्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत असा कायदा 1992 पासून आहे. 2016 ला स्तनपान वाढवायला 'माँ' कार्यक्रम आणलात. आपल्या मुंबईत सायनच्या दवाखान्यात 1989 मध्ये आईच्या दुधाची बँक निघाली, आशियातली पहिली. एवढं सगळं असून तुमच्याच 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत देशात शंभरातली 89 बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळतं जेमतेम 42 बाळांना. आता अडाणी सासवांना दोष देऊ नका, बाळ तुमच्याच ताब्यात असतं.

सिस्टरवर माझा राग नाही. अख्ख्या वॉर्डला रात्री ती एकटी, तिनं सलाईन बघायचं की माझ्याजवळ बसायचं? माणसं भरायला पैसे नाहीत आणि दर ऑगस्टला स्तनपान सप्ताहाच्या बॅनरला आहेत, तेही नेत्यांच्या फोटोसकट. सगळ्याच खात्यांचं हेच चाललंय, दिसेल तेवढंच काम.

रात्रपाळीला पाजायला शिकवणारी एक बाई द्या, एवढंच मागतेय. माझं झालं ते झालं. पण त्या वॉर्डात आज रात्रीही कुणाचं तरी सिझर झालं असेल आणि तिच्या आईच्या हातात चिठ्ठी गेली असेल.

एक बाळंतीण