चौथ्या मजल्यावरील काकांस जाहीर आभारपत्र

सदाशिव पेठ, पुणे

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार, वि. वि.

हे पत्र दोन जिने चढून आपल्या हातात देता आले असते. परंतु समोरासमोर आभाराचा शब्द काढला की आपण पावसापाण्याकडे वळता आणि मानधनाचे नाव घेतले की काकूंना मध्ये घालता, हे मागच्या पंधरवड्यात दोनदा अनुभवले. म्हणून जाहीर लिहीत आहे. माझ्यासारखी चूक करण्याच्या बेतात दुसरे कोणी असेल, तर त्याच्याही ते उपयोगी पडावे.

आमच्या टीव्हीखालच्या कपाटात जो घरगुती सर्व्हर आहे, त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क असून एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. घरातले सगळे फोटो त्यावर आहेतच, परंतु माझा जीव अडकला होता तो पणजोबांच्या दोन रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांच्या १,१४० पानांत. ती मी तीन वर्षे रात्री बसून स्कॅन केली आहेत, आणि त्यांतले काही कागद कसरीने इतके खाल्ले आहेत की घडी पुन्हा उघडली तर हातात भुसाच येईल.

बुधवारी रात्री सर्व्हरचे मोठे अपडेट आलेले दिसले. ते लावले, पण यंत्र पुन्हा सुरू करण्याची सूचना उद्यावर टाकली. उद्या गुरुवार आहे आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते, हे पुण्यात जन्म घालवूनही लक्षात आले नाही. दुपारी वीज आली, सर्व्हर आपोआप सुरू झाला, हिरवा दिवाही लागला. लॅपटॉपवर मात्र सर्व्हर सापडत नव्हता. साहजिकच सारा दोष मी विजेला दिला. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले की डिस्क करप्ट झाली आहे, फॉरमॅट करावी लागेल. मी खालच्या खणातली डिस्क ओढून काढली, वरच्या एकटीवर सर्व्हर एकदा चालवून पाहिला आणि मग काढलेली डिस्क लॅपटॉपला जोडली. वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करणे आवश्यक आहे, असे विंडोजनेही सांगितले. आता दोघांचे एकमत झाले होते. बाण त्या बटणावर नेऊन ठेवलेला असतानाच आपण पाण्याच्या टँकरची वर्गणी मागायला दारात आलात, आणि पडद्याकडे पाहून चप्पल न काढताच म्हणालात, "आधी बोट काढा तिथून."

मग आपण समजावलेत की डिस्कवरची मांडणी लिनक्सची, म्हणजे सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिची आहे, ती विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट सुचवते. "मोडी येत नाही म्हणून रुमाल रद्दीत घालाल का?" या एका वाक्याने मला जेवढे कळले, तेवढे त्या यंत्राच्या पुस्तिकेतून तीन वर्षांत कळले नव्हते.

त्यानंतर आपण कशालाही हात न लावता एक पाठकोरा कागद मागितलात आणि कोणती डिस्क कोणत्या खणातली, तिचा क्रमांक काय, हे पेन्सिलीने लिहून काढलेत. सर्व्हरच्या स्थितीच्या ओळीत चौकटी कंसात एक 'यू' आणि त्यापुढे नुसती आडवी रेघ होती. दोन्ही डिस्क कामावर असतील तर तिथे दोन 'यू' दिसतात. ती रेघ अपडेटने नव्हे, विजेनेही नव्हे, तर मी ओढलेली होती. मी जोडणी तत्काळ पूर्ववत करण्याची घाई करत होतो. पण जोडणी करताना वरची डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचली जाते आणि नेमकी तेव्हाच ती थकली तर काहीच उरत नाही, हे सांगून आपण घरून स्वतःची रिकामी डिस्क आणलीत आणि आधी सगळ्याची प्रत काढलीत. त्यात रात्रीचे दीड वाजले. जोडणीला पुढे आठ तास लागले. सकाळी चहा घेऊन कपाटापाशी गेलो तेव्हा कंसात दोन 'यू' होते.

मूळ बिघाड त्या मानाने किरकोळ निघाला. अपडेटमधल्या नव्या कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, नेटवर्क कार्डाचे नाव बदलले, सर्व्हरचा नेटवर्कवरचा कायमचा पत्ता जुन्या नावाशीच बांधलेला राहिला आणि राउटरने सर्व्हरला दुसराच पत्ता दिला. आपण राउटरच्या यादीतून तो शोधून काढलात आणि जुना पत्ता तिथेच त्या कार्डाच्या क्रमांकासाठी राखून ठेवलात.

स्कॅनर मात्र तरीही अडून बसला. त्याला एसएमबी या नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती येते, आणि सर्व्हरवर ती पद्धत चालवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरने ती आवृत्ती २०१९ पासून मुळात बंदच ठेवलेली आहे. (सांबा म्हटल्यावर मला आमच्या पेठेचा सांब सदाशिव आठवला; परंतु सांबाचे जनक अँड्र्यू ट्रिजेल यांना ते नाव एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द शोधताना सापडले, असे आपल्याकडून कळले.) एका ओळीने ती सुरू करता आली असती आणि मी तसा आग्रहही धरला. आपण ठाम नकार दिलात, कारण मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमधल्या याच जुन्या आवृत्तीतील दोषावर स्वार होऊन जगभर पसरला होता. त्याऐवजी स्कॅनरला एफटीपी या फाइली पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने एकाच फोल्डरपुरती वाट करून दिलीत. परवा त्या वाटेने १,१४१ वे पान आले.

आपली डिस्क परत केली आहेच. तशीच एक नवी डिस्क घेऊन, सगळी प्रत भरून, ती चिंचवडला बहिणीकडे ठेवली आहे, कारण एका डिस्कवरचे पुसले तर जोडीच्या डिस्कवरचेही त्याच क्षणी पुसले जाते, हे आपण दोनदा बजावले होते. पाठकोरा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

त्या गडबडीत टँकरची वर्गणी द्यायची राहूनच गेली होती. ती आज काकूंकडे दिली आहे. पावती सवडीने मिळाली तरी चालेल.

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरील शेजारी