‘जॉन मान’ ही युद्धनौका नव्हे, मासेमारी ट्रॉलर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेल्जियमच्या किनाऱ्यापुढे उत्तर समुद्राच्या तळाशी पडलेल्या ‘जॉन मान’ या जर्मन जहाजाच्या अवशेषांतून अजूनही घातक द्रव्ये पाझरत असल्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे. मात्र त्यात या जहाजाला सरसकट ‘नाझी युद्धनौका’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. हा केवळ शब्दाचा घोळ असता तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु हे जहाज मूळचे कोणत्या कामाचे होते, हे सांगितल्याशिवाय आज त्यातून काय पाझरते आणि का, याचा उलगडा होत नाही.

‘जॉन मान’ 1927 मध्ये बांधला गेला तो मासेमारी ट्रॉलर म्हणून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आरमाराने असे शेकडो ट्रॉलर मालकांकडून ताब्यात घेतले आणि त्यांना ‘फोरपोस्टनबोट’, म्हणजे आघाडीच्या चौकीवरची नौका, असे नाव दिले. ‘जॉन मान’ला ‘व्ही 1302’ हा क्रमांक मिळाला. त्यातील पहिले दोन आकडे तेराव्या ताफ्याचे आहेत. पहिल्या महायुद्धातही जर्मनीने हाच मार्ग धरला होता, आणि ब्रिटिशांनीही आपल्या ट्रॉलरांवर तोफा बसवल्याच होत्या.

आरमाराला मासेमारीची जहाजे का हवी होती, हे लेखात यायला हवे होते. वादळी समुद्रात आठवडेच्या आठवडे काढता यावेत अशीच त्यांची बांधणी असे. अवजड जाळे ओढणारी विंच मुळातच जहाजावर असल्यामुळे पाणसुरुंग काढण्याची तार ओढायलाही ती चाले. नाळेवर तोफ, मागे विमानविरोधी तोफा आणि पाणबुड्यांवर टाकायचे स्फोटक डबे, एवढी भर घातली की गस्तीचे जहाज तयार होई. खलाशांतही पूर्वीचे मच्छीमार पुष्कळ असत, त्यांना हे पाणी तोंडपाठ होते. अर्थात ताशी जेमतेम दहा-अकरा सागरी मैलांच्या वेगाने कोणाचा पाठलाग करणे शक्य नव्हते, आणि पोलादी चिलखताचा तर प्रश्नच नव्हता. बंदरांच्या तोंडाशी पहारा देणे, मालवाहू जहाजांना सोबत करणे आणि धोका दिसताच खबर देणे, हेच त्यांचे काम.

12 फेब्रुवारी 1942 रोजी ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाउ’ आणि ‘प्रिन्स ऑयगन’ या तीन मोठ्या जर्मन युद्धनौका इंग्लिश खाडीतून जर्मनीकडे निसटत असताना ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात ‘जॉन मान’ बुडाला. त्या मोहिमेच्या वर्णनांत ही तीन नावे हमखास असतात. पहाऱ्यावरच्या ट्रॉलरांची नावे शोधावीच लागतात.

आता प्रदूषणाविषयी. गेंट विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अवशेषांजवळच्या गाळात जड धातू, आर्सेनिक, स्फोटकांतील रसायने आणि ‘पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन’ गटातील, म्हणजे कोळसा-तेलासारख्या इंधनांत असणारी, संयुगे आढळली. धातूंचे प्रमाण सर्वाधिक होते ते जहाजाच्या कोळशाच्या कोठाराजवळ. त्या तीन मोठ्या युद्धनौका तेलावर चालत. कोळशाचे कोठार ही जुन्या ट्रॉलरची खूण आहे. लेखकाने जहाजाला युद्धनौका म्हटल्यामुळे वाचकाचे लक्ष दारूगोळ्याकडेच जाते आणि कोळसा नजरेआड होतो. जहाजाच्या पत्र्यावर वाढणारे काही जिवाणू पोलाद गंजवण्यास हातभार लावत असावेत, ही त्याच अभ्यासातील निरीक्षणाची बाजूही लेखातून सुटली आहे. गंजून पत्रा फुटला की आत अडकलेले आणखी बाहेर येणार, हे उघड आहे.

उत्तर समुद्राच्या तळाशी असे आणखीही ट्रॉलर आहेत. त्यांच्याविषयी पुढे कधी लिहिण्याचा योग आला, तर ‘युद्धनौका’ऐवजी ‘गस्तीसाठी सशस्त्र केलेला मासेमारी ट्रॉलर’ असा उल्लेख करावा. शब्द लांब आहे, हे मान्य. शीर्षकात ‘गस्ती ट्रॉलर’ पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक