मा. अर्थमंत्री मॅडम, 60 दिवस, 182 दिवस आणि माझे आठ लाख

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार. आपण कामात असणार, म्हणून थोडक्यात लिहावं असं ठरवलं होतं, पण प्रकरण आता थोडक्यात मावण्यासारखं राहिलेलं नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात राहते. आबांची केळीची बाग आहे, मी घरूनच मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन करते, क्लायंट नेदरलँड्सचा. मार्च संपता संपता माझ्या नावाने आयकर खात्याची असेसमेंट ऑर्डर आली, म्हणजे टॅक्स किती ते ठरवणारा आदेश, आर्थिक वर्ष 2023-24 ची. व्याज धरून आठ लाखाच्या वर डिमांड. आणि ही डिमांड ज्या पैशावर आहे त्यावर मी पोर्तुगालमध्ये टॅक्स भरून बसलेय, पावत्या आहेत, तिथल्या टॅक्स ऑफिसचं रेसिडेन्सी सर्टिफिकेट आहे, सगळं अपलोड केलेलं आहे. ऑर्डर कोणी काढली, त्यांनी ते सर्टिफिकेट उघडून तरी बघितलं का, हे विचारायची सोय नाही कारण आता सगळं फेसलेस, म्हणजे ऑनलाइन, समोर कोणी अधिकारीच नाही. आमच्या तलाठ्याला निदान चहाच्या टपरीवर तरी गाठता येतं.

झालं काय ते सांगते. पोर्तुगालने ऑक्टोबर 2022 च्या शेवटी रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला, लोक त्याला डी-8 म्हणतात. अट अशी की महिन्याची कमाई तिथल्या किमान वेतनाच्या चौपट पाहिजे, 2023 मध्ये ते 3,040 युरो होतं म्हणजे आपले पावणेतीन लाखाच्या आसपास, आणि ती कमाई पोर्तुगालच्या बाहेरून आली पाहिजे. तिथल्या लोकांच्या नोकऱ्या खायच्या नाहीत, बाहेरचा पैसा आणायचा, भाडं भरायचं, टॅक्स भरायचा. सरळ हिशोब आहे. पोलीस क्लिअरन्स, त्यावर अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, राहायच्या जागेचा करार, बँक स्टेटमेंटं, क्लायंटचं पत्र, एवढं गोळा करताना मुंबईच्या खेपांनी जीव गेला. आमच्या भागातून व्हिसाचं कुठलंही काम म्हणजे रात्रीची गाडी, पहाटे दादरला उतरून स्टेशनातच तोंड धुवायचं आणि दहा वाजता काचेपलीकडच्या पोराने सांगायचं की मॅडम फोटोचा साइज चुकलाय. तरी मिळाला व्हिसा. ऑगस्ट 2023 च्या शेवटी मी गेले.

आता आपल्या कायद्याकडे येते. वर्षात 182 दिवस भारतात राहिलं तर रेसिडेंट, म्हणजे जगात कुठेही कमावलं तरी टॅक्स इथे. पण त्याखाली दुसरं कलम आहे, 60 दिवस राहिलात आणि मागच्या चार वर्षात मिळून 365 दिवस झालेले असले तरी रेसिडेंट. म्हणजे आयुष्यभर इथेच राहिलेला माणूस जूनमध्ये जरी गेला तरी त्या वर्षापुरता अडकलाच. मग एक सूट आहे, जो भारतीय नागरिक परदेशात एम्प्लॉयमेंटसाठी जातो त्याला 60 च्या जागी 182 लावायचे. मी एप्रिल ते ऑगस्ट इथे होते, 60 च्या वर, 182 च्या खाली. म्हणून रिटर्नमध्ये नॉन-रेसिडेंट लिहिलं, इथे असताना जे कमावलं त्यावर इथे टॅक्स भरला, तिथे गेल्यावर जे कमावलं त्यावर तिथे. सीएने दोनदा तपासून भरलं.

ऑर्डरमध्ये काय म्हटलंय तर करदाती एम्प्लॉयमेंटसाठी गेलेली नाही. का, तर तिच्या व्हिसावर पोर्तुगालमधल्या कुठल्याच कंपनीची नोकरी नाही! अहो तो व्हिसाच त्या अटीवर मिळतो. तिथे नोकरी धरली असती तर व्हिसा मिळाला नसता आणि धरली नाही म्हणून सूट नाही. केरळ हायकोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय की एम्प्लॉयमेंटमध्ये स्वतःचा धंदा-व्यवसाय पण धरायचा, नुसती पगारी नोकरी नाही. तो निकाल उत्तरात जोडला होता. त्याबद्दल ऑर्डरमध्ये एक ओळ नाही. हो नाही, नाही नाही, काहीच नाही.

बरं, रेसिडेंट तर रेसिडेंट, मग तिकडे भरलेला टॅक्स तरी वजा करा ना. एकाच कमाईवर दोनदा टॅक्स नको म्हणून केलेला दोन देशांचा करार कशाला आहे? तर म्हणे तिकडचा टॅक्स वजा करून घ्यायचा फॉर्म 67 भरलेला नाही, म्हणून क्रेडिट नाही. फॉर्म 67 भरायचा रेसिडेंटने. रिटर्न भरताना मी नॉन-रेसिडेंट होते, मला रेसिडेंट तुम्ही केलं मार्च 2026 मध्ये, आणि त्या वर्षाचा फॉर्म 67 भरायची मुदत संपली 31 मार्च 2025 ला. म्हणजे मी एक वर्ष आधी ओळखायला पाहिजे होतं की पुढच्या वर्षी तुम्ही मला काय ठरवणार आहात. आमच्या गावात एक भविष्य सांगणारे बाबा आहेत, त्यांना सल्लागार नेमावं लागेल आता.

करारात दोन्हीकडे रेसिडेंट निघाल्यावर काय करायचं तेही लिहिलंय. कायमचं घर कुठे, आपली माणसं आणि आर्थिक संबंध कुठे, नेहमी राहणं कुठे, मग नागरिकत्व. घर? तिथे भाड्याची एक खोली, इथलं घर आबांच्या नावावर. माणसं? आई-आबा इथे, कमाई तिकडून. आजीला फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला तर ती म्हणे, "माय, तू ते ना अठली ना तठली." तिने दोन मिनिटात जे ओळखलं त्यासाठी तुमची ऑर्डर सव्वीस पानांची आहे.

अपील करा म्हणतात. करतेय. पण डिमांड थांबवायची तर आधी साधारण 20 टक्के भरा, म्हणजे दीड लाखाच्या वर, मग पुढे ऐकू. अपील किती वर्षं चालेल ते विचारलं तर सीए नुसता हसला. हसण्याचे पैसे घेत नाही तेवढं बरं.

मॅडम, 13 ऑगस्ट 2020 ला सरकारने मोठा कार्यक्रम करून करदात्यांची सनद आणली होती. प्रत्येक करदात्याला प्रामाणिक मानू, तसं न मानायला काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. मी तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं आणि खरं सांगते, बरं वाटलं होतं. माझ्या बाबतीत तुम्हाला काय कारण सापडलं? मी काही लपवलं नाही, परदेशी बँक खातं दाखवलं, पासपोर्टचे शिक्के दाखवले. नऊ हजार कोटीचं कर्ज मागे ठेवून 2 मार्च 2016 ला जे साहेब लंडनला गेले त्यांचे दिवस कोणी मोजत बसलं होतं का? तिथे 60 की 182 असा प्रश्न पडला नसेल. आमचे मात्र विमानतळावरचे शिक्के भिंग लावून वाचले जातात.

आणि हे फक्त टॅक्सचं नाही. तिकडे असताना रिटर्न ई-व्हेरिफाय करायचं तर आधारचा ओटीपी. आधारला नंबर आबांचा जोडलेला, कारण मी कॉलेजात असताना घरात एकच धड मोबाइल होता. 30 दिवसात व्हेरिफाय केलं नाही तर रिटर्न भरल्याची तारीखच पुढे जाते, आणि केलंच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. मी पोर्तोमध्ये लॅपटॉपसमोर, आबा बागेत, रेंज यायला विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागतं, तिथून ते एकेक आकडा ओरडून सांगणार आणि तोवर मुदत संपलेली. शेवटी शेजारच्या आप्पांच्या पोराला बांधावर पळवलं तेव्हा झालं एकदाचं. डिजिटल इंडियाचं सगळं श्रेय आप्पांच्या पोराला आहे, त्याला एखादा पुरस्कार द्या.

मी परत का आले हेही सांगते, कारण लोक विचारतात. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, आबांचं वय. तिथे इमिग्रेशनच्या ऑफिसात चार लाखाच्या आसपास फायली तुंबलेल्या, तिथलंही काही स्वर्ग नव्हतं. इथे येऊन खोलीत दोन इन्व्हर्टर लावले, दुपारी साडेबारापासून रात्रीपर्यंत काम करते, मधेच फिडर बंद झाला की मोबाइलच्या नेटवर मीटिंग. लोक म्हणतात पोरगी दिवसभर घरात असते, काय करते कोण जाणे. तालुक्याच्या बँकेत युरो आले की साहेब मला बोलावतात, हे पैसे कशाचे ताई? सॉफ्टवेअरचे. दुकान कुठाय? दुकान नाही. मग पैसे येताहेत कसे? परदेशातून पैसे आल्याचा दाखला मागितला तर तो काय असतो हे मीच त्यांना समजावून सांगायचं. घर बांधायला लोन मागितलं तर पगाराची स्लिप आणा. जीएसटीचा एलयूटी, म्हणजे टॅक्स न भरता निर्यात करायचं हमीपत्र, दरवर्षी नव्याने भरा, आम्ही सेवा निर्यात करतो म्हणे. निर्यातदार! केळीच्या गाड्या भरणाऱ्यांना पण हाच शब्द वापरतात, आणि त्यांना भाव किती मिळतो ते रावेर-यावलला जाऊन विचारा.

वर्ल्ड बँकेचा आकडा आहे, 2024 मध्ये परदेशातल्या भारतीयांनी देशात 129 अब्ज डॉलर पाठवले, जगात एक नंबर. भाषणात हा आकडा येतो तेव्हा टाळ्या पडतात. तो पाठवणारा माणूस मात्र संशयित. फेब्रुवारी 2020 च्या बजेटमध्ये तुम्ही डीम्ड रेसिडेंट आणलं, म्हणजे इथे न राहताही रेसिडेंट धरायचं, आखातातल्या लाखो लोकांच्या पोटात गोळा आला, दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला की तिथल्या पगारावर टॅक्स नाही. आधी घाबरवायचं मग खुलासा, हीच पद्धत.

जग कुठे चाललंय बघा. थायलंडने जुलै 2024 पासून रिमोट कामासाठी पाच वर्षांचा व्हिसा दिलाय, पाच लाख बाट दाखवा आणि या, एका वेळेला 180 दिवस राहा. मलेशियाचा आहे, स्पेनचा आहे, एस्टोनियाने तर ऑगस्ट 2020 मध्येच सुरू केलं. जपानने पण काढला 2024 मध्ये, पण ज्यांना तिथे व्हिसाशिवाय जाता येतं त्याच देशांना, त्यात आपण नाही. शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाचं, तर बोलायलाच नको, 2024 मध्ये भारतीयांचे दीड लाखाहून जास्त अर्ज नाकारले, फी एकेकाची 80 ते 90 युरो आणि ती परत नाही. म्हणजे बाहेरचे आम्हाला भारतीय म्हणून अडवणार आणि घरचे भारतीय म्हणूनच वसूल करणार. आपल्याकडून परदेशात रिमोट कामाला जाणाऱ्यासाठी एक सर्क्युलर नाही की बाबा असा व्हिसा असला तर एम्प्लॉयमेंट धरा किंवा धरू नका, पण आधी सांगा. नवा आयकर कायदा आला 1 एप्रिल 2026 पासून, 819 कलमांची 536 केली, सोपी भाषा म्हणून जाहिरात झाली. 60 दिवसांची भानगड मात्र तशीच्या तशी उचलून ठेवली.

आमची सवय आहे म्हणा वाट बघायची. तापीवरचं पाडळसरे धरण मी शाळेत असल्यापासून होतंय, दीडशे कोटीच्या आत सुरू झालं ते चार हजार कोटींच्या वर गेलं, पाणी अजून बाकी. केळीच्या विम्याचे पैसे कधी हवामान केंद्रात अडकतात कधी कंपनीत. जळगावला आयटी कंपन्या येणार हे प्रत्येक निवडणुकीत ऐकलं. आमच्या वर्गातली पोरं निम्मी पुण्यात निम्मी सुरतेला. मी म्हटलं गावात बसून जगाचं काम करू, कोणाचे उपकार नको, सबसिडी नको, आरक्षण नको, तर त्यालाही तुम्ही दारात गाठलंत. सरकारची कुठलीच योजना खान्देशापर्यंत वेळेवर पोचत नाही, नोटीस मात्र एका सेकंदात ईमेलवर.

मागणं एवढंच की रिमोट कामाच्या व्हिसावर गेलेला माणूस एम्प्लॉयमेंटसाठी गेला की नाही हे एका पानाच्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट करा, मागच्या वर्षांनाही लागू करा. ज्याला तुम्ही नंतर रेसिडेंट ठरवता त्याला फॉर्म 67 भरायची मुदत त्या दिवसापासून द्या. आणि तोपर्यंत माझ्याकडचे 20 टक्के मागू नका, ते आईच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी ठेवलेत.

सीए म्हणाला होता पत्र लिहायचं तर सौम्य लिहा. त्याला हे दाखवलेलं नाही.

आपली,
एक करदाती
ता. चोपडा, जि. जळगाव

ता.क. पोर्टलवर याच विषयाची तक्रार टाकली होती. काल स्टेटस बघितलं तर "निराकरण झाले" असं दाखवतंय. कोणी केलं, काय केलं, मला कळवा, म्हणजे मीही त्याप्रमाणे आठ लाख भरायचे की नाही ते ठरवते.