शिळं पाणी

पुणे, रविवार

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तणतणत होतास, ते सगळं ऐकून घेतलं. क्लासवरून दमून यायचं आणि आजीनं अंघोळीला मोजून एक बादली द्यायची. शॉवर आहे, पण त्याचा नळ तिनं सुतळीनं बांधून ठेवलाय. आणि जिन्याखालच्या झाकलेल्या बादलीतलं आठवडाभराचं शिळं पाणी तू मोरीत ओतून दिलंस, म्हणून ती दोन दिवस तुझ्याशी धड बोलली नाही. 'बाबा, तिला कंजूषपणाचा आजारच झालाय,' म्हणालास. मीही हसलो. फोन ठेवल्यावर हसू गेलं. असलं काही मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुला आपला वॉटर पार्क आठवतो ना? आठवणारच. दुसरीत 'माझा आवडता दिवस' म्हणून तू त्यावर निबंध लिहिला होतास, वही अजून आईच्या कपाटात आहे. त्यात पिवळी बादली आहे, लाटांचा तलाव आहे, चिमीनं सँडल हरवली ते आहे, दोन वडापाव खाल्ले तेही आहे. आजी कुठंच नाही. ती आपल्याबरोबर दिवसभर होती, सोनू.

ते 2016 सालचे मेचे दिवस होते. तू सहा वर्षांचा, चिमी साडेतीनची. आजी आपल्याकडे हवापालटाला आली असं तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे मीच तिला उचलून आणलं होतं. लातूरला नळ येईनासा झाला होता, मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, घरचा बोअर जानेवारीतच गेला होता. मार्चमध्ये टँकर भरायच्या ठिकाणांभोवती कलम 144 लावलं. पाण्यासाठी जमावबंदी! मग 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टाक्यांची, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टाक्यांची यायला लागली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून पाणी गावात येतं, ही गोष्ट टीव्हीवर बघताना मला निराळंच काही आठवत होतं. त्याच मार्गावरून लहानपणी मी आजीच्या मांडीवर बसून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं पंढरपूरला गेलो होतो. त्या गाडीत लोक खिडकीतून हात बाहेर काढून प्यायला पाणी मागायचे.

आयपीएलच्या 1 मेनंतरच्या मॅचही त्या वर्षी महाराष्ट्राबाहेर गेल्या, कारण मैदानाला पाणी कुठून मारायचं, यावर हायकोर्टात वाद झाला होता. मी त्यावर ऑफिसात तावातावानं बोललो होतो, की बरोबरच झालं म्हणून. आणि पुढच्याच रविवारी तुम्हाला घेऊन वॉटर पार्कला निघालो. तू महिनाभर कॅलेंडरवर फुल्या मारत होतास, नाही कसं म्हणणार? आजीला घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून तिलाही घेतलं. तिला सांगितलं, 'बाग आहे, लेकरांना पाण्यात खेळायला.' तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि दोन मोठ्या बाटल्या पाणी भरून घेतलं.

गेटवरच अडलो. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, पिशव्या तपासतात. डबा ठेवून घेतला, त्याचं टोकन दिलं. बाटल्यांसाठी टोकन नव्हतं. सिक्युरिटीच्या पोरानं कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवलं, 'आजी, तिकडं ओता.' आजी जागची हलली नाही. तिनं झाकण उघडलं, आधी तुला पाजलं, मग चिमीला, मग तुझ्या आईला, मग मला. मागं रांग खोळंबलेली. कुणीतरी म्हणालं, 'अहो काका, चला ना लवकर!' मला तहान नव्हती, तरी मी घटाघटा प्यायलो, लवकर संपावं म्हणून. उरलेलं तिनं स्वतः प्यालं, एका दमात नाही, थांबत थांबत. दोन लिटरच्या वर असेल. मग रिकाम्या बाटल्या पिशवीत टाकून माझ्याकडे बघून म्हणाली, 'चल.'

मला त्या वेळी फक्त लाज वाटत होती. हे तुला मुद्दाम लिहितोय.

आत गेल्यावर कपड्यांची भानगड. सुती चालत नाही, नायलॉनचंच पाहिजे. भाड्याचे कॉस्च्यूम घेतले. त्यामागं कारण असतं. सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात, शिवाय पाणी पिऊन कापड जड होतं. आजी साडीत, त्यामुळं तिनं काठावर बसायचं ठरलं. बॅगा तिच्याकडे, चपला तिच्याकडे, माझा चष्माही तिच्याकडे.

आणि मग ती बादली. तुझ्या निबंधात तिचं चित्रही आहे, झोपडीएवढी, पिवळी, वर लोखंडी सांगाड्यावर. भरत आली की घंटा वाजायची आणि सगळी पोरं 'आली, आली' करत खाली गोळा व्हायची. बादली कलंडायची, धाडकन पाणी पडायचं, पोरं किंचाळायची, आणि बादली सरळ होऊन परत भरायला लागायची. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्यांदा तू घाबरून माझ्या पायाला मिठी मारलीस. दुसऱ्यांदा डोळे मिटून उभा राहिलास. तिसऱ्यांदा मला ढकलून देऊन एकटाच मधोमध गेलास, आणि पाण्यातून बाहेर आलास तेव्हा तुझे दोन पुढचे पडलेले दात, कपाळाला चिकटलेले केस... ते अजून डोळ्यांपुढं आहे. मी खूप खूश होतो रे त्या क्षणी. ते खोटं नव्हतं.

आजीकडे गेलो तेव्हा तिनं विचारलं, 'कामून सांडूलालेत बाबा एवढं पानी?'

मी तिला समजावलं, की आई, हे सांडत नाही. खाली जाळी आहे, तिथून पंपाकडं जातं, वाळूच्या फिल्टरमधून गाळतात, क्लोरीन टाकतात आणि तेच पाणी परत वर चढवतात. दिवसभर तेच फिरतं. नवीन थोडंच लागतं, उन्हानं उडतं आणि अंगाबरोबर बाहेर जातं तेवढं.

ती विचारात पडली. मग म्हणाली, 'म्हंजे समद्यांचं उष्टंच की.' आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. त्या दिवशी ती हसली ती एवढीच. पण मला सांग, चूक काय होतं त्यात? आपण तलावाच्या पाण्याला वास येतो म्हणून 'क्लोरीन जास्त झालंय' म्हणतो, तो वास मुळात क्लोरीन आणि लोकांचा घाम, लघवी एकत्र आल्यावर जे तयार होतं त्याचा असतो. तुला केमिस्ट्रीत क्लोरामाइन आलं असेल नाहीतर येईल. आजीनं ते एका शब्दात सांगितलं होतं.

आता एक गोष्ट, जी तुला माहीतच नाही. तुझ्या आईला आणि मला ती चिमीसमोर बोलायची नाही म्हणून इतकी वर्षं राहून गेली. छोट्या पोरांच्या तळ्यात पाणी माझ्या नडगीपर्यंत असेल-नसेल. चिमी माझ्यापासून तीन हातांवर प्लॅस्टिकच्या बेडकाशी खेळत होती. घंटा वाजली, मी वर बघितलं, तुझ्या आईनं फोन वर धरला, आजूबाजूच्या सगळ्या आई-बापांनीही बादलीकडेच बघितलं. चिमी तेवढ्यात घसरली आणि पाण्याखाली बसली. आवाज नाही, हातपाय मारणं नाही. मी वळलो तेव्हा आजी साडी सावरत, चपलांसकट पाण्यात उतरली होती आणि तिनं चिमीला बकोटीला धरून वर काढलं होतं. चिमी खोकली, ओकली, मग रडली. सगळं मिळून दहा सेकंद असतील. नंतर मी विचारलं, तुला कळलं कसं? तर म्हणाली, 'बुडणारं लेकरू वरडत न्हाई. इहिरीवर बघितलंय मी.' खरंय ते. नाकातोंडाशी पाणी आल्यावर श्वासच मिळत नाही, ओरडणार कुठून? तू पुढं कधी लहान पोरांना घेऊन पाण्यावर गेलास तर आवाजाची वाट बघू नकोस, आणि पोरगं हाताच्या अंतरात ठेव. त्या हवेच्या दंडपट्ट्यांवरही भिस्त ठेवू नकोस, त्या निसटतात.

आजीला बक्षीस काय मिळालं, तर शिट्टी. काठावरच्या गार्डनं शिट्टी मारून सांगितलं, 'आजी, साडीत पाण्यात अलाऊड नाही.' ती 'बरं बाबा' म्हणून बाहेर आली आणि बॅगांपाशी पदर पिळत बसली. पिळलेलं पाणी बघ तिनं कुठं सोडलं असेल? शेजारच्या जास्वंदाच्या बुडाशी.

लाटांचा तलाव, तो भोंगा, वडापाव हे सगळं तुझ्या निबंधात आहे, मी पुन्हा लिहीत नाही. थेट संध्याकाळी पाचला येतो. मी तुला अंघोळ घालून, कपडे बदलून पार्किंगपाशी उभा. तू पेंगुळलेला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, आजीचा पत्ता नाही. तुझी आई चिमीला खांद्यावर टाकून आली, म्हणाली, 'अहो, त्या येत नाहीत, नळ बंद करतायत.'

बायकांच्या न्हाणीघरात वीस-बावीस शॉवर. बायका अंघोळ करून निघून जायच्या, नळ अर्धवट चालू. आजी रांगेनं एकेक बंद करत गेली. शेवटचा एक बंदच होईना, आटा गेलेला. तिनं तिथल्या झाडूवालीला बोलावलं. ती म्हणाली, 'मावशी, ते तसंच असतं.' तर तुझ्या आजीनं काय केलं असेल? आपल्या पिशवीतले सगळे मळके कपडे काढले, तुझी चड्डी, चिमीचा फ्रॉक, टॉवेल, माझी पँटसुद्धा, आणि त्या वाहत्या शॉवरखाली बसून धुवायला घेतले. वाहतंयच तर वाया कशाला जाऊ द्यायचं! ओल्या साडीत, डोक्यावर ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती पार्किंगमध्ये आली. गाठोडं निथळत होतं, लोक वळून बघत होते. त्यात माझ्या ऑफिसातला एक जण, सहकुटुंब.

मी तिला बोललो, सोनू. हळू आवाजात, दात आवळून बोललो, जे ओरडण्यापेक्षा वाईट असतं. 'आई, इथं तरी लातूर काढू नकोस. साडेसातशे रुपये तिकीट दिलंय माणशी, पाणी त्यांचं आहे, वाहू दे.' तुझ्या आईनं माझा हात दाबला. आजी काही बोलली नाही. गाठोडं डिकीत ठेवलं, खाली वर्तमानपत्र अंथरून, गाडी खराब होऊ नये म्हणून.

तुम्ही दोघं मागच्या सीटवर तिच्या अंगावर झोपलात. बराच वेळ गेला. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, 'त्या पिवळ्या बादलीत किती मावत आसंल रं?'

म्हणालो, 'असेल हजार लिटर.'

पुन्हा शांत. सिग्नलला थांबलो तेव्हा ती खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाली, 'पाच बॅरली.' दोनशेची एक बॅरल तिला त्या उन्हाळ्यात चार दिवस पुरवायला लागायची, हे मला ठाऊक होतं. हिशोब तिनं पुढं केला नाही, मीही केला नाही. तो केला रात्री, झोप येईना तेव्हा. आणि साडेसातशेत तेव्हा लातूरला अर्धा टँकर यायचा, तोही हिशोब केला.

मी तिची माफी मागितली का? नाही. आपल्या घरात ती पद्धत नाही, असं म्हणून मी दहा वर्षं काढली. पुढच्या वर्षी तुला परत त्याच पार्कला घेऊन गेलो, तेव्हा तिला बोलावलं नाही, एवढंच. तू पोहायला शिकलास, त्याचा मला आनंदच आहे. तू बादलीखाली उभा राहिलास ते चूक, असं मला मुळीच म्हणायचं नाहीये. तुला आजी कळावी एवढ्यासाठी हे लिहिलं. अभ्यासाचा लातूर पॅटर्न म्हणून आम्ही तुला तिकडं पाठवलं, पण तिच्या घरात राहायचं तर तिचाही एक पॅटर्न आहे.

शॉवरच्या सुतळीचं मी तिच्याशी बोलतो. डोकं धुवायच्या दिवशी दोन बादल्या, एवढं मी मिळवून देऊ शकेन असं वाटतं. जास्तीची आशा धरू नकोस.

आता कामाचं. या बुधवारी नळ येणार आहे म्हणाली. पहाटे येतो, चारच्या सुमारास, आणि दोनेक तासांत जातो. तिचे गुडघे दुखतात, तिला उठवू नकोस, तूच ऊठ. हौदात पाणी पडायला लागलं की गच्चीवरच्या टाकीसाठी मोटर लावायची. पण नुसतं बटण दाबू नकोस. आठवडाभर बंद राहून ती हवा धरते, नुसतीच फिरते आणि जळते. आधी वरचं बूच काढून तीन-चार तांबे पाणी आत ओतावं लागतं, मगच ती पाणी ओढते. हौद तोवर कोरडाच असतो, म्हणून ते ओतायचं पाणी आजी आधीपासून भरून ठेवते, जिन्याखाली, झाकून.

बादली आज भरून ठेव.

तुझा,
बाबा