स्ट्रोकनंतरच्या महिन्यांबद्दल पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

29 ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो, तेव्हा दरवर्षी पेपरात येतं की तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की लगेच हॉस्पिटल गाठा, मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळायला हवं. ते छापायलाच पाहिजे, त्याने माणसं वाचतात. पण पेशंट घरी आल्यावर पुढे काय, यावर फारसं कुठेच वाचायला मिळत नाही, आणि माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आल्यापासून मी बघतेय की निम्मं काम तर तिथूनच सुरू होतं.

"सहा महिन्यांत जेवढं आलं तेवढं, पुढे काही नाही" हे वाक्य भेटायला येणारा प्रत्येक जण ऐकवतो, आणि ते ऐकून ऐकून लोक फिजिओ बंद करतात. पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा सगळ्यात भरभर होते हे खरंय, पण म्हणून नंतर काहीच होत नाही असं नाही. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मात्र आजूबाजूचा जिवंत भाग त्यांचं काम शिकू शकतो. रँडॉल्फ नूडो या शास्त्रज्ञाने 1996 मध्ये माकडांवरचा प्रयोग छापला, त्यात हाताचं काम बघणाऱ्या मेंदूच्या भागात छोटी इजा झाल्यावर ज्यांना सराव दिला नाही त्यांची शेजारची धडधाकट जागा पण हाताच्या कामातून सुटत गेली, आणि ज्यांच्याकडून बोटांची कामं करून घेतली त्यांची ती जागा टिकली, काहींमध्ये तर कोपर-खांद्याच्या जागेतही पसरली. म्हणजे हात नुसता पडून राहिला तर आहे ते पण जातं.

अमेरिकेत माणसांवर एक्साइट नावाची चाचणी झाली, ती 2006 ला आली, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले 222 पेशंट. चांगल्या हातावर मोठा मोजा चढवायचा आणि दोन आठवडे, रोज सहा तासांपर्यंत, कमजोर हाताकडूनच कामं करून घ्यायची. नेहमीच्या उपचारांपेक्षा हात जास्त सुधारला आणि वर्षभराने पण तो फरक राहिला. मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असतील त्यांच्यासाठीच हे आहे, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता कुणी घरी सुरू करू नका. आणि घाईपण नको, अव्हर्ट नावाच्या 2104 पेशंटच्या चाचणीत पहिल्या 24 तासांतच उठवून जास्त हालचाल करवली त्यांचं उलट कमी बरं झालं.

आमच्या फिजिओ मॅडमनी आईला उजव्या हाताने लसूण सोलायला लावला. सुरुवातीला पाकळी धरताच यायची नाही, अंगठा नुसता ताटावर घसरायचा, ती चिडायची आणि डाव्या हाताने पटकन उचलायला जायची. आता सालीचं टोक नखात पकडून ओढते, वेळ लागतो पण ओढते. तर येणारेजाणारे म्हणतात, अगं आजारी बाईला कसलं कामाला लावता, बसू दे तिला. प्रेमापोटीच म्हणतात हो, पण घास भरवणं, बटणं लावून देणं, सगळं हातात देणं यानेच तो हात कायमचा बाजूला पडतो.

आणि सराव किती हवा? 2009 च्या एका पाहणीत अमेरिका-कॅनडासारख्या ठिकाणीसुद्धा थेरपीच्या एका बैठकीत हाताचं काम सरासरी 32 च वेळा करून घेतलं जात होतं, प्राण्यांच्या प्रयोगांत ते शेकडो वेळा करून घेतात. आमच्याकडे तर फिजिओकडे जायलाच रिक्षा ठरवून तालुक्याला जावं लागतं, दर वेळची फी वेगळी, घरातल्या एकाचा रोज बुडतो. ऍडमिट असताना विमा, योजना कामाला येतात, पुढच्या महिन्यांचा खर्च खिशातून. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा आणि डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांसोबत घरी कोणता व्यायाम, किती वेळा, हे मराठीत लिहून द्यावं, एवढी मागणी आरोग्य खात्यापर्यंत पोचवा.

तुमच्या रविवार पुरवणीत फिजिओथेरपिस्ट, रोजची कामं परत करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा गेलेल्यांसाठी स्पीच थेरपिस्ट यांच्याकडून एक सदर लिहून घ्या, वाचकांचे प्रश्न मागवा. माझे प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात पाठवते.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा