टीव्हीची छत्री (डिश) फिरवून देणाऱ्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही, आणि लिहिलं तर उद्या अर्धं लोकमान्य नगर तुमच्या दारात उभं राहील. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांनी तुमच्या आधी आम्हाला हेलपाटे घालायला लावले, त्यांच्याही वाचनात ते यावं अशी माझी फार इच्छा आहे. राग अजून गेलेला नाही, हे कळतच असेल.

तुम्हाला आमचं काम कदाचित आठवणारही नाही. दुसरा मजला, गच्चीवर जायला लोखंडी शिडी, मधे घरमालकांची पाण्याची काळी टाकी. आणि टीव्हीसमोर दिवाणावर बसलेल्या आमच्या सासूबाई. आता आठवलं असेल.

यांचा पगार निम्म्यावर आला तेव्हा घरात सगळ्यात आधी कापलं ते टीव्हीचं रिचार्ज. दुसरं कापणार तरी काय? भाडं कापता येत नाही, मुलाची फी नाही, आईंच्या बीपीच्या गोळ्या तर नाहीच. मी घरी फॉल-पिको करते, त्यात दूध-भाजी निघते, एवढंच. २०१९ मध्ये टीव्हीचे नवे दर आले, तेव्हापासून नुसतं कनेक्शन चालू ठेवायचेच १३० रुपये आणि वर कर, अशी तऱ्हा झाली होती. पैशांच्या वाहिन्या हव्या असतील तर त्यांचे दाम निराळे. चालत होतं तोवर चाललं, मग बंद केलं.

आम्हाला फारसं जाणवलं नाही. आईंना जाणवलं. गुडघे गेल्यापासून त्यांचा जिना बंद आहे. माहेर सोलापूरकडचं, पण लग्न होऊन इंदूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला नसेल तर ताट सरकवतात, भाजीवाल्याशी इथल्या मालवी बोलीत भांडतात. फक्त संध्याकाळच्या बातम्या त्यांना मराठीतून लागतात, आणि त्याही दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या. बाकी वाहिन्यांवर म्हणे बातम्या सांगत नाहीत, अंगावर येतात. “मोबाइलवर दाखवा की त्यांना,” असं सांगणारे नातलग पुष्कळ भेटले. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तळहाताएवढ्या पडद्यावर काय दिसणार, आणि तो डेटा काय फुकट येतो?

आधीच्या मंडळींचं थोडक्यात सांगते, नाहीतर पत्र त्यांच्यावरच संपायचं.

ज्या कंपनीची छत्री आमच्या गच्चीवर होती (छत्री आमच्याच पैशांची, बरं का), तिच्या हेल्पलाइनवर मी विचारलं की मला फक्त सह्याद्री आणि दोन-चार साध्या वाहिन्या हव्यात, सगळ्यात स्वस्तात काय पडेल? पलीकडून प्रश्न आला, “मॅडम, सह्याद्री कौनसा पैक है?” मग सांगण्यात आलं की आमचा टीव्हीला जोडायचा बॉक्स जुना झालाय, नवा घ्या, सोबत सहा महिन्यांचं पॅक घ्या, मोठी सूट आहे. खिसा रिकामा असलेल्या माणसाला ही सूट फार लागते.

त्यानंतर आला तो ‘फ्री डिश लावून देतो’ म्हणणारा. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची बिनरिचार्जची, फुकट छत्री. आल्या आल्या त्याने आईंना दिवाणावरून उठवलं. “माताजी, जरा साइड में.” आई भिंतीला धरून आतल्या खोलीत गेल्या. त्याने आणलेला बॉक्स जुन्या धाटणीचा, एमपेग-२ वाला. एमपेग-४ या नव्या पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या त्यात दिसतच नाहीत, हे त्याने सांगितलं नाही. वर ‘ॲक्टिव्हेशन’चे वर्षाचे पैसे मागितले. फुकटच्या गोष्टीला वार्षिक वर्गणी कसली, असं यांनी विचारल्यावर पिशवी उचलून चालता झाला. छत्रीचे नट सैल केलेले तसेच सोडून.

मग तुम्ही आलात. आल्यावर पाणी मागितलंत आणि गच्चीवर जाऊन आलात. खाली येऊन पहिलं वाक्य बोललात ते असं, “नवी छत्री घेऊ नका, जुनी चालेल. बॉक्स तेवढा घ्या.” त्या क्षणी तुमचं नुकसान झालं ते मला कळलं, कारण एव्हाना नव्या छत्रीचा भाव मला तोंडपाठ होता.

मुलाने विचारलं, साध्या अँटेनावर नाही का येत डिजिटल? त्यालाही तुम्ही नीट उत्तर दिलंत. येतं. २०१६ मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत ते सुरू केलं, त्यात आपलं इंदूर आहे. पण त्यासाठी टीव्हीत वेगळा ट्यूनर, म्हणजे तो सिग्नल पकडणारा भाग लागतो, आमच्या जुन्या टीव्हीत तो नाही, आणि त्यावर वाहिन्याही मोजक्याच. म्हणून छत्री. ही फुकट छत्रीची सोय म्हणे २००४ च्या डिसेंबरपासून आहे, आधी डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे, आता फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, नावनोंदणी नाही. इतकी वर्षं आम्हाला हे धडपणे कुणी सांगितलं नाही. ज्यात कुणाला दरमहा काही सुटत नाही, त्याची जाहिरात कोण करील?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तुम्ही टीव्हीवर तो सिग्नलचा पडदा लावलात, दोन पट्ट्यांचा. मी पुढे झाले, मुलगा फोन घेऊन तयार होता. तुम्ही आम्हा दोघांकडे बघितलंच नाही. दिवाणापाशी खाली फरशीवर बसलात आणि आईंना म्हणालात, “आजी, मी वर जातोय. इथलं काम तुमचं. ही वरची पट्टी भरलेली दिसेल, तिच्या नादी लागू नका, छत्री भलतीकडे बघत असली तरी ती भरते. खालची खरी, क्वालिटीची. ती शून्यावर आहे. हलली की मला आवाज द्या.” आणि खिडकी सताड उघडून गेलात.

आईंनी चश्मा पुसला. पदर खोचला. बसल्या जागी अशा ताठ झाल्या की मी कित्येक महिन्यांत त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

“शून्य.” वरून पान्याचा आवाज. “शून्यच आहे.” मग “आली! बावीस! ...गेली, गेली, अहो मागे घ्या, मागे!” पुन्हा शून्य. तुम्ही वरून ओरडलात की टाकी आड येतेय, कठड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेतो; उपग्रह आग्नेयेला आहे, ९३.५ अंश पूर्व. आई खालून ओरडल्या, “आग्नेयेला तर स्वयंपाकघर असतं!” तुमचं हसू खालपर्यंत ऐकू आलं. नंतर बराच वेळ काही नाही. आणि मग तीस, अठ्ठेचाळीस, पासष्ट. “थांबा तिथेच! हात लावू नका!”

पूर्वी आमच्या गच्चीवर काड्यांचा अँटेना होता. तो फिरवायला मामंजी वर जायचे आणि खाली आई असायच्या. ते ‘अहो’ सवयीनं तोंडातून निघालं, असं त्या रात्री जेवताना त्यांनीच मला सांगितलं. मी काही बोलले नाही.

तुम्ही खाली आलात आणि पिशवी आवरायला लागलात, तेव्हा तिच्यात मला ते छोटं यंत्र दिसलं. काटेवालं, सिग्नल मोजायचं. मुलाला माहीत होतं. म्हणाला, हे केबलला जोडलं की गच्चीवरच सगळं कळतं, खालून कुणी सांगायची गरज नसते. म्हणजे दादा, तुम्हाला आईंच्या आवाजाची काही गरज नव्हती. टळटळीत उन्हात तुम्ही जास्तीचा वेळ उभे राहिलात, ते का, हे मी तुम्हाला विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

आम्हाला दया दाखवणारे कमी भेटले नाहीत. ‘बिचाऱ्या आजी’ म्हणायला पैसे पडत नाहीत. पण बिचाऱ्या म्हटलं की माणूस दिवाणावरून उठून आतल्या खोलीत जातो, आणि काम दिलं की पदर खोचतो. हे काही कुठे शिकवत असतील असं वाटत नाही. आपल्या इंदुरात अशी माणसं पुष्कळ आहेत, पत्ता विचारला तर गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येणारी. फक्त ती हेल्पलाइनवर भेटत नाहीत. तिथे सगळी तुमच्या त्या वरच्या पट्टीसारखी, कायम भरलेली आणि बघणं भलतीकडे.

पुढचं सांगते. आषाढीला आई रात्री दोनलाच उठल्या. मी जागी झाले तर टीव्ही त्यांनीच लावलेला, सह्याद्रीवर पंढरपूरची महापूजा चालू. बाहेर पाऊस कोसळत होता, चित्राचे मधूनच चौकोन होत होते. मी म्हटलं, दादांना फोन करू का सकाळी? तर मलाच ऐकवलं, “काही बिघडलेलं नाही. ढग दाट आहेत, क्वालिटी पडलीय. पाऊस सरला की येते.” आणि खरंच आली. विठ्ठलाच्या अभिषेकाला चित्र स्वच्छ होतं.

आता त्या आळीतल्या तज्ज्ञ आहेत. खालच्या बिऱ्हाडाची एक वाहिनी मध्येच गायब झाली तर त्यांना खिडकीतूनच सांगितलं की खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, येतात-जातात, पुन्हा सर्च मारा. हे ज्ञानही तुमचंच असणार, चहा पिताना तुम्ही दोघं बराच वेळ बोलत होतात.

तुम्ही बॉक्सचे आणि मजुरीचे घेतलेत तेवढेच घेतलेत, केबलच्या टोकाला नवं कनेक्टर लावलंत त्याचे धरलेही नाहीत. यांनी आग्रह केला तर म्हणालात, “टेंशन नी लेने का.” बरं, नाही घेत. पण गणपतीत जेवायला यायचं आहे, वहिनींना घेऊन. मोदक आई स्वतः वळणार आहेत. बसून करायचं काम आहे, त्यांना जमतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दिवाणावरच्या आजींची सून

ता. क. तुमचा बारा-तेराचा पाना आमच्या गच्चीवर कठड्यावर राहिला होता. जपून ठेवलाय. आई म्हणतात, जेवायला आल्याशिवाय द्यायचा नाही.